लहानग्याच्या हातात पहिला गळ

दिवाळी झाली की वेदगंगेवरच्या बंधाऱ्यांना बरगे बसतात, पावसाळ्यातलं गढूळ पाणी निवळतं आणि मुरगूडच्या नदीकाठाला चिव्याच्या काठ्या दिसू लागतात. काठी धरून बसलेल्या माणसाशेजारी पुष्कळदा एक तीन-चार वर्षांचं पोर असतं. ते आधी पाण्यात खडे मारतं, मग गांडुळांची करवंटी उलथतं आणि शेवटी आज्ज्याचा हात ओढून म्हणतं, "मला दे की." त्या मागणीला काय उत्तर द्यायचं, त्याबद्दल हे लिहितो आहे.

काठी द्यावी, लवकर द्यावी, असं माझं मत आहे. मात्र त्या दिवशी मोठ्या माणसाने स्वतःचा गळ घरी ठेवून यावं. एरवी अत्यंत सावध असणारा माणूससुद्धा पाण्यावरचं भेंड बुडालं की शेजारी कोण बसलंय हे विसरतो. लहान मूल पाण्यात जायला तेवढा वेळ पुरतो. ते ओरडत नाही, हातपाय आपटून पाणी उडवत नाही. बहुतेक वेळा आवाजसुद्धा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली, आणि त्यांतली जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुलं होती. म्हणून या लेखात माशाआधी पाणी येतं.

कोणत्या वयात काय

तीन वर्षांच्या आतल्या मुलाला नदीवर न्यायचं तर कडेवर किंवा मांडीवर. त्याला मासे दाखवावेत, धरायला शिकवू नये. घाटाजवळच्या उथळ पाण्यात कणकेची बारीक गोळी टाकली की चिमुकले मासे तिच्यावर तुटून पडतात, गोळी इकडून तिकडे ढकलत नेतात. एवढं पाहूनही त्या वयाचं मूल भरपूर काही घेऊन घरी जातं.

तीन ते चार या वयात दोरीला आमिष बांधून, गळ न लावता खेळ करता येतो. चार-पाच वर्षांचं मूल काठी नीट धरू लागतं, भेंडाकडे थोडा वेळ टक लावून पाहू शकतं आणि "थांब" म्हटल्यावर बहुतेक वेळा थांबतं. यातलं शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. "थांब" म्हटल्यावर जे मूल रस्त्यावर थांबत नाही ते नदीवरही थांबणार नाही. मग त्याचं वय पाच असो की सहा, त्याला आणखी काही महिने खडेच मारू द्यावेत.

वेळेचाही अंदाज हवा. या वयात अर्धा तास पुष्कळ झाला. मोठ्यांना मासेमारी म्हणजे वाट पाहणं वाटतं. लहान मुलाला वाट पाहणं हीच शिक्षा असते. कंटाळा आला की उठावं. "अजून एक लागू दे" असं मोठ्याने स्वतःशी म्हणायचं नाही.

नदीची ओळख करून द्या

वेदगंगा भुदरगड तालुक्यातल्या सह्याद्रीत उगम पावते. पाटगावच्या धरणात, म्हणजे मौनी सागरात, तिचं पाणी अडतं. तिथून ती गारगोटीच्या बाजूने मुरगूडला येते, पुढे निपाणीच्या मुलखातून जाते आणि दूधगंगेला मिळते. दूधगंगा कृष्णेला. चार वर्षांच्या मुलाला हे गोष्टीसारखं सांगता येतं: हे पाणी डोंगरातून आलं, धरणात थांबलं, आपल्या गावात आलं आणि आता कृष्णाबाईकडे निघालं. आपण ज्याच्यात गळ टाकतोय ते पाणी चालत असतं, ही त्याची पहिली समज.

दुसरी समज पुराची. काठावरच्या बाभळीकडे किंवा करंजाकडे वर बोट दाखवावं. आपल्या डोक्याच्याही कितीतरी वर फांद्यांना वाळकं गवत, उसाचा पाला, प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या असतात. पाणी तिथवर आलं होतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात याच वेदगंगेचं पाणी निपाणीजवळ यमगर्णीला पुणे-बंगळूर महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद पडली. हे घाबरवण्याच्या सुरात सांगायची गरज नाही. मूल फांदीकडे पाहतं, पाण्याकडे पाहतं, पुन्हा फांदीकडे पाहतं, आणि त्याचं त्यालाच कळतं.

कुठे बसू नये

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आपल्याकडे इतका सवयीचा झालाय की त्याची भीतीच उरलेली नाही. दगडी किंवा काँक्रीटचे खांब, त्यांना खाचा, खाचांत बसवलेले बरगे. पावसाळा संपताना बरगे घालून पाणी अडवायचं आणि पुढच्या पावसाआधी काढायचं. या अंगाला पाणी भिंतीलगतच खोल असतं. त्या अंगाला पडणारं पाणी खाली आदळून उलटं फिरतं, आणि त्यात सापडलेली वस्तू तिथेच घुसळत राहते. बरग्यांच्या फटीतून पाणी जोरात ओढलं जातं. बंधाऱ्यावर मांडी घालून गळ टाकणारे भरपूर दिसतात, मासेही तिथे चांगले लागतात. तरी लहान मुलाला घेऊन बंधाऱ्यावर बसू नये. धरून ठेवलंय असं म्हणूनही बसू नये.

दुसरी जागा मोटारींची. नदीकाठाला जागोजाग शेतीच्या पाण्याच्या मोटारी, स्टार्टरच्या पेट्या, जमिनीवरून पाण्यात गेलेल्या केबली असतात. केबलचं आवरण कुठे उंदराने कुरतडलंय, कुठे उन्हाने तडकलंय, हे लांबून दिसत नाही. ओल्या पायाचं मूल आणि ही केबल एका ठिकाणी नकोत. शिवाय शेताच्या बांधावरून गेलेल्या विजेच्या तारा कुठेकुठे लोंबलेल्या असतात आणि हातात लांब ओली काठी असते. जाता-येता काठी आडवी धरावी.

नदीकाठची माती विटांसाठी आणि पात्रातली वाळू बांधकामासाठी उपसली गेली आहे तिथे अचानक खोल खड्डे असतात. वरून पाणी एकसारखं दिसतं. दोन पावलं गुडघ्याएवढं, तिसऱ्या पावलाला तळ नाही. उसाच्या फडातून जाणारी अरुंद वाट टाळावी, कारण तिथे घोणस असू शकते. पाण्यात पोहताना दिसतो तो बहुतेकदा दिवड. तो विषारी नाही, आपल्यासारखाच मासे धरायला आलेला असतो. पण लहान मुलाला साप ओळखायला लावू नये. लांबून पाहायचा आणि मागे सरायचं, एवढंच शिकवावं. सांगलीकडच्या कृष्णाकाठी मगरींनी माणसांवर हल्ले केलेले आहेत. आपल्या पट्ट्यात मगर दिसल्याची चर्चा आहे का, हे जाण्याआधी काठावरच्या माणसांना विचारून घ्यावं.

आणि शेततळं. ते आखीव असतं, घराजवळ असतं, त्यात मासे सोडलेले असतात, म्हणून पालकांना नदीपेक्षा बरं वाटतं. प्रत्यक्षात प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं लहान मुलासाठी नदीपेक्षाही वाईट. उतारावरचा ओला कागद इतका निसरडा असतो की पोहता येणारा मोठा माणूससुद्धा त्यावरून वर येऊ शकत नाही. मुलाला काढायला उडी मारलेला बापही आत अडकतो. कुंपण नसलेल्या शेततळ्याजवळ लहान मुलासह थांबूच नये.

मग बसावं कुठे

जनावरं पाण्याला उतरतात तो उतार चांगला. तिथला काठ हळूहळू खाली जातो, तळ बहुधा मुरमाड असतो आणि बऱ्याच अंतरापर्यंत पाणी गुडघ्याच्या आत असतं. आधी मोठ्याने स्वतः पाण्यात उतरून काठीने तळ चाचपावा. घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. बसायचंच तर कोरड्या पायरीवर, पाण्यापासून दोन-तीन पायऱ्या वर. काठाची माती खालून पोखरलेली असेल तर कडेला उभं राहू नये.

मूल काठापासून हातभर मागे बसवावं आणि मोठ्याने त्याच्या व पाण्याच्या मध्ये, थोडं खालच्या बाजूला बसावं. मुलाच्या मापाचं, पायांमधून पट्टा येणारं लाइफ जॅकेट मिळालं तर नदीवर पाऊल ठेवण्याआधी घालावं आणि परत रस्त्याला लागल्यावरच काढावं. पोहायला शिकवताना कमरेला बांधतात तो डबा किंवा भोपळा या कामाचा नाही. त्याच्या आधाराने पोहता येतं, पण अचानक पडलेल्या मुलाचं तोंड तो पाण्याबाहेर ठेवेल याची खात्री नसते.

गावाजवळचा सर पिराजीराव तलाव अनेकांना सोयीचा वाटेल. कागलचे अधिपती आणि राजर्षी शाहू महाराजांचे धाकटे बंधू पिराजीराव घाटगे यांचं नाव त्याला आहे, आणि मुरगूडच्या पिण्याच्या पाण्याशी तो जोडलेला आहे. मुलाला तिथे फिरायला, पक्षी दाखवायला जरूर न्यावं. पण लोक जे पाणी पितात त्यात गांडुळांची माती धुऊ नये, मासे साफ करू नयेत. पहिला गळ नदीच्या उतारावरच टाकावा.

कोणते दिवस, कोणती वेळ

कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचे दिवस उत्तम. पाणी अडवलेलं, निवळलेलं आणि ओढ कमी. थंडीत सकाळी लवकर जाऊ नये. मूलही कुडकुडतं आणि मासेही सुस्त असतात. ऊन अंगावर आल्यावर, नऊ-दहाच्या सुमाराला जावं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावाला आलेली मुलं हट्ट धरतात तेव्हा सकाळी लवकर जाऊन नऊच्या आत परत यावं. दुपारनंतर वळीव येतो आणि वळवाबरोबर वीज. आभाळ गडगडलं की काठी टाकून पक्क्या घरात, झाडाखाली नाही.

उन्हाळ्यात आणखी एक पाहावं लागतं. धरणातून पाणी सोडलं किंवा वरच्या बंधाऱ्याचे बरगे काढले की नदीची पातळी बदलते. बसल्या जागी ओल्या मातीत एक काडी पाण्याच्या रेषेला रोवून ठेवावी. काडी बुडू लागली की उठायचं. मुलाला हे काम फार आवडतं. काडीचा पहारेकरी त्यालाच करावं.

पावसाळ्यात लहान मुलाला गळ टाकायला नेऊ नये. त्यात अपवाद नाही.

दोरीला आमिष, गळाशिवाय

पहिल्या दिवशी गळ लागतच नाही. ओढ्याच्या उथळ, दगड-गोट्यांच्या जागी हातभर काठीला दोन हात दोरा बांधावा, दोऱ्याच्या टोकाला कोंबडीच्या आतड्याचा तुकडा किंवा जाडसं गांडूळ गाठ मारून अडकवावं आणि दगडाच्या फटीशी सोडावं. थोड्या वेळाने फटीतून खेकड्याची नांगी बाहेर येते. मग दुसरी. तो आमिष पकडतो आणि आत ओढायला बघतो. आता दोरा हळूहळू, अगदी हळू वर घ्यायचा. घाई केली की खेकडा सोडतो. सावकाश घेतलं तर हट्टाने धरून पाण्याबाहेर येतो आणि मग "फसलो" असं कळल्यासारखा टप्पकन पडतो.

हा खेळ मासेमारीतलं जवळजवळ सगळं शिकवतो: गप्प बसणं, दोऱ्यातून येणारी ओढ बोटांना कळणं, घाई न करणं. टोचणारं काही नाही. खेकडा बादलीत पडला तर पाहून परत सोडावा, आणि नांगी किती जोरात चावते हे मुलाच्या बोटावर न दाखवता एखादी काडी तिच्यात देऊन दाखवावं.

काठी, तंगूस, गळ

चिव्याची काठी लहान मुलाला सर्वांत चांगली: हलकी, लवचीक आणि फुकट. मुलाच्या उंचीच्या दीडपट लांबी पुरे. पेरं तासून, धरायच्या जागी जुनं सुती कापड गुंडाळावं, म्हणजे कुसळ जात नाही. चाकाची, म्हणजे रीळ असलेली, विकतची काठी या वयाला नको. मूल हँडल फिरवण्यात गुंततं आणि तंगूसाचा, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्याचा, गुंता सोडवण्यात आपला अर्धा तास जातो.

तंगूस काठीएवढाच लांब ठेवावा. मग गळ मागे भिरकावून फेकावा लागत नाही, नुसता पुढे सोडता येतो. मागे फेकताना गळ शेजारच्याच्या कानाला, गालाला किंवा डोळ्याला लागू शकतो. तरंगण्यासाठी ज्वारीच्या ताटाचं भेंड वापरावं. ते पांढरं, हलकं असतं आणि मुलाला लांबून दिसतं. त्याच्या एका टोकाला कुंकवाचा किंवा रंगाचा ठिपका दिला की बुडालं-उठलं लगेच समजतं. भेंडाखाली पाण्याच्या खोलीइतका तंगूस आणि गळाच्या जरा वर ज्वारीच्या दाण्याएवढं वजन. शिशाऐवजी लहानसा लोखंडी नट वापरावा, कारण या वयाची मुलं सगळं तोंडात घालतात आणि शिसं पोटात जाणं वाईट.

गळ दुकानात मिळणाऱ्यांतला बारीक घ्यावा. टोकाजवळ उलटं वळलेलं एक कुसळ असतं, माशाने हिसका दिला तरी गळ निघू नये म्हणून. ते पकडीने दाबून सपाट करावं. थोडे मासे सुटतील. पण मुलाच्या बोटात किंवा आपल्या हातात गळ गेला तर तो गेल्या वाटेने बाहेर येईल, आणि लहान मासा परत सोडताना त्याचा जबडा फाटणार नाही. मुलाबरोबरच्या मासेमारीत हा एकच बदल करायला जमत असेल तर हा करावा.

गळाला आमिष लावणं आणि गळ माशाच्या तोंडातून काढणं ही दोन्ही कामं सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांची.

गांडुळं गोळा करणं

मुलांना विचाराल तर खरी मजा इथेच आहे. उकिरड्याच्या कडेला, मोरीचं पाणी मुरतं तिथे, केळीच्या बुडाशी ओली काळी माती खुरप्याने उलटली की गांडुळं सापडतात. खुरपं मोठ्याने चालवावं, वेचायचं काम मुलाने करावं. करवंटीत ओली माती घालून त्यात ठेवावीत आणि करवंटी सावलीत. गरजेपुरतीच घ्यावीत, उरलेली पुन्हा त्याच जागी नेऊन मातीत सोडावीत. गांडूळ शेताचं काम करतं हे सांगायला याहून चांगली वेळ मिळत नाही. ज्या मुलाला गांडूळ आमिषाला वापरणं बघवत नाही, त्याला कणकेत थोडी हळद घालून घट्ट गोळ्या वळू द्याव्यात. चिलापी आणि बारीक मासे त्यालाही तोंड लावतात.

पाण्याखाली कोण कुठे राहतं

भेंड हलत नसतं तेव्हा बोलायला विषय हवा, आणि मासे हा न संपणारा विषय आहे. बाजारात एकत्र दिसणारे कटला, रोहू आणि मृगळ पाण्यात वेगवेगळ्या मजल्यांवर राहतात. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरातलं खातो. रोहू मधल्या थरात. मृगळाचं तोंड खाली, तो तळाशी चरतो. तिघांची अन्नासाठी भांडणं कमी होतात म्हणूनच मत्स्यशेतीत ते एकाच तळ्यात सोडतात. बाजारातून आणलेल्या माशांची तोंडं पाहून "हा कोणत्या मजल्यावरचा?" हा खेळ घरीही खेळता येतो.

मरळ हवेतूनही श्वास घेतो. त्यासाठी तो मधूनमधून वर येतो, पाण्यावर 'चुळुक' असा आवाज होतो आणि गोल तरंग उठतात. मरळाचे आईबाप आपल्या तांबूस पिलांच्या थव्याची राखण करतात. असा थवा दिसला तर तिथे गळ टाकू नये. राखणारा मोठा मासा गेला की पिलांना बाकीचे मासे खाऊन टाकतात.

पहिल्या गळाला लागण्याची सर्वांत जास्त शक्यता चिलापीची. हा मूळचा आफ्रिकेचा मासा १९५२ साली भारतात आणला गेला आणि नद्या-तळ्यांत इतका पसरला की आता तो आपलाच वाटतो. त्याची मादी अंडी तोंडात घेऊन फिरते. पिलं बाहेर आल्यावरही धोका दिसला की पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. हे सांगितल्यावर एक चार वर्षांची मुलगी बराच वेळ गप्प बसली आणि मग तिने विचारलं, "मग ती आई जेवते कधी?" तिचा प्रश्न बरोबर होता. पिलं तोंडात असताना ती जवळजवळ उपाशी राहते.

"आवाज करू नको" असं आपण मुलांना सारखं म्हणतो. खरं तर हवेतलं बोलणं पाण्यात फार कमी जातं. माशाच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेष असते. तिच्यातून त्याला पाण्यातली हालचाल आणि कंप कळतात. काठावर पाय आपटले की ते पाण्यात पोचतं, आपली सावली पाण्यावर पडली की तेही दिसतं. म्हणून गप्पा मारू द्याव्यात, नाचणं तेवढं थांबवावं. "बोल, पण उड्या मारू नको" हा नियम मुलांना पाळता येतो.

भेंड बुडालं!

बारीक मासे आमिष कुरतडतात तेव्हा भेंड नुसतं थरथरतं. तेव्हा ओढू नये. भेंड आडवं सरकू लागलं किंवा खाली गेलं की काठी वर उचलायची, हिसका द्यायचा नाही. मूल हमखास मागे पळतं, काठी उंच करतं आणि मासा हवेत लोंबकळत कुणाच्या तरी तोंडावर येतो. त्यामुळे मोठ्याचा एक हात काठीच्या मध्यावर असावा. मासा उथळ पाण्यात सरकवत आणावा.

बादलीत नदीचंच पाणी आधी भरून सावलीत ठेवलेलं असावं. माशाला हात लावण्याआधी हात ओले करावेत. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला रोगापासून जपतो आणि कोरड्या हाताने तो निघून जातो. बादलीत मासा पाहताना मुलाला कल्ल्यांची उघडझाप दाखवावी आणि डोळ्यांना पापण्या नसल्याचं त्यालाच शोधू द्यावं. एक खवला उन्हात धरला की त्यावरच्या वर्तुळाकार रेषा दिसतात.

चिलापीच्या पाठीवरचा पर काटेरी असतो. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवत पर दाबून धरला तर टोचत नाही. शिंगट्याचं मात्र वेगळं. मिश्या दिसल्या की मुलाचा हात मागे. शिंगट्याच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या परांना ताठ, दातेरी काटे असतात आणि तो टोचला की ठणका लागतो. तसं झालंच तर जखम स्वच्छ धुऊन, सोसवेल इतक्या गरम पाण्यात बोट बुडवून ठेवल्याने वेदना कमी होते. पाणी किती गरम आहे ते आधी मोठ्याने स्वतःच्या मनगटावर पाहावं, कारण मुलाची कातडी लवकर भाजते. सूज वाढली, काटा आत राहिला असं वाटलं, तर दवाखाना.

गळ बोटात खोल रुतला आणि त्याचं कुसळ दाबलेलं नसेल तर नदीवर ओढाओढ करू नये. तंगूस कापावा, गळ हलू नये असं सैलसर गुंडाळावं आणि डॉक्टरकडे जावं; धनुर्वाताच्या लशीचंही विचारावं. डोळ्याला लागलं तर काहीही न दाबता, न धुता, वर वाटी किंवा पेला पालथा धरून थेट रुग्णालय. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक मोबाइलमध्ये आधीच ठेवलेला असावा.

चढणीचे मासे

मृगाच्या पहिल्या जोरदार सरींनंतर ओढ्यांना पाणी आलं की मासे प्रवाहाच्या उलट चढू लागतात. शेतांच्या चरांतून, ताटाएवढ्या उथळ पाण्यातून, अंग आडवं करून पुढे सरकतात. आपल्या भागात त्या रात्री बॅटऱ्या, बुट्ट्या आणि पिशव्या घेऊन माणसं धावतात. त्यातला आनंद खरा आहे, पिढ्यान् पिढ्यांचा आहे. तरी लहान मुलाबरोबर हे करताना मला वाटतं की तो आनंद पाहण्यापुरता ठेवावा. हे मासे अंडी घालायला निघालेले असतात. एका मादीच्या पोटात हजारो अंडी असतात आणि तीच पुढच्या वर्षीची नदी. बांधावर, पाण्यापासून लांब, मुलाला खांद्यावर घेऊन उभं राहावं आणि मासा पाण्याच्या धारेवर उडी मारतो तो क्षण दाखवावा. पुन्हा उडी मारतो, पुन्हा पडतो, तिसऱ्यांदा वर जातो. ते पाहिलेलं मूल माशाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतं.

सुरुंगाची दारू किंवा विष टाकून मासे मारणं १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे. विजेचा करंट सोडून मासे मारणारेही काही ठिकाणी दिसतात. तिथून मुलाला घेऊन तडक निघावं, आणि का निघालो ते घरी आल्यावर सांगावं. उन्हाळ्यात पाणी कमी झाल्यावर किंवा दूषित पाणी मिसळल्यावर मासे मरून तरंगतात. पंचगंगेत हे अनेकदा घडलं आहे. असे मासे मुलाला हाताळू देऊ नयेत, घरीही आणू नयेत.

ज्यांचं पाणी, त्यांना विचारून

तलाव मासेमारीसाठी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. संस्था मत्स्यबीज विकत आणते, सोडते, राखण करते. त्यावर भोई आणि इतर मच्छीमार घरं चालतात. मुलाचा गळ असला तरी राखणदाराला विचारावं, आणि मुलाच्या देखत विचारावं. बहुतेक जण हसून परवानगी देतात, वर कुठे बसायचं तेही सांगतात. नदीवर पाग टाकणारा एखादा भोई भेटला तर मुलाला घेऊन थोडा वेळ त्याच्याजवळ थांबावं. पाग खांद्यावर घेऊन, अंगाला गिरकी देऊन तो पाण्यावर गोल उघडतो तेव्हा मुलं श्वास रोखून पाहतात. त्याच्या जाळ्याच्या जागी आपला गळ टाकू नये.

परदेशात असणाऱ्या मराठी घरांनी स्थानिक नियम आधी पाहावेत. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत लहान मुलांना परवाना लागत नाही, पण शेजारी काठी धरणाऱ्या मोठ्याला लागू शकतो.

सोडायचा की घरी आणायचा

वितीपेक्षा लहान मासा सोडावा. सोडताना फेकू नये. दोन्ही ओल्या हातांत धरून पाण्यात न्यावा आणि त्याने स्वतः शेपटी हलवली की हात उघडावेत. हे काम मुलाला उथळ पाण्यात, मोठ्याच्या मांडीवर बसून करता येतं.

मोठा मासा घरी आणायचा तर बादलीत तडफडत ठेवू नये. मुलाच्या नजरेआड, डोक्यावर एक नेमका घाव घालून लगेच मारावा. मूल विचारतंच, "मेला?" उत्तर "हो" द्यावं. "झोपला" म्हणू नये. आपण जे खातो ते जिवंत होतं हे या वयात कळलं तर मूल बिघडत नाही; काही मुलं त्या दिवशी मासा खात नाहीत, आणि त्यांना आग्रह करू नये.

आपल्याकडे एकाच घरात आज्जा माळकरी आणि नातू मासे खाणारा असं सर्रास असतं. मुलाने आनंदाने आणलेला मासा आज्ज्याच्या पुढ्यात नाचवला आणि मग घरात वाद झाला, तर त्याच्या हाती फक्त धास्ती लागते. त्यामुळे निघण्याआधीच ठरवावं: आज वार कोणता, मासा घरात चालणार की परड्यातल्या चुलीवर करायचा, की आज सगळे सोडूनच यायचे. माळकरी आज्ज्याबरोबर नदीवर जाऊन नुसत्या कणकेच्या गोळ्या टाकणारं पोरही मासे पाहायला शिकतंच.

शिजवताना लहान मुलासाठी काट्यांचा विचार करावा. कटला-रोहूच्या मांसात बारीक दुहेरी काटे असतात, ते मुलाच्या घशात अडकतात. चिलापी आणि मरळाला असे आडवे बारीक काटे कमी. हळद, मीठ, थोडं तिखट लावून, रव्यात घोळून तव्यावर भाजलेला तुकडा मोठ्याने आपल्या बोटांनी कुस्करून, प्रत्येक घास चाचपून द्यावा. जेवताना बोलणं आणि हसणं बंद. काटा अडकलाच तर कोरड्या भाताचे गोळे गिळायला लावू नयेत, काटा त्याने आणखी रुततो. घास थांबवून, मूल खोकत असेल तर खोकू द्यावं, आणि दुखणं राहिलं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावं.

नदीवरून निघताना तंगूसाचे तुकडे, जुने गळ आणि आमिषाच्या पिशव्या गोळा करून घरी आणाव्यात. तंगूस वर्षानुवर्षं कुजत नाही. त्यात बगळ्याचा पाय अडकतो, आणि काठावर पडलेला गळ चरायला आलेल्या म्हशीच्या तोंडात किंवा अनवाणी येणाऱ्या दुसऱ्या पोराच्या पायात जातो. काठीला गुंडाळलेल्या तंगूसाचा गळ एका बुचात खुपसून ठेवावा आणि काठी घरी मुलाच्या हाताला लागणार नाही अशी उंच, आढ्याला अडकवावी.